मंगळवारी नऊला रंगा

जर्मन माणसाला समोर भारतीय दिसला की काहीतरी विचारावंसं वाटतंच. हवामानावर दोन मिनिटं बोलून झाली की तो हळूच विषयाला हात घालतो. काय विचारायचं ते मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतं. आमचे बाबा १९८४ साली कोलोनला आले तेव्हा लोक त्यांना योगासनं, नाग आणि पुनर्जन्म विचारत. बाबा बारामतीकडचे. पुनर्जन्मावर त्यांचा विश्वास नव्हता आणि पद्मासनात बसले तर उठायला आई लागायची. माझ्या पिढीला सगळ्यांनी कंप्युटर विचारला. आता माझ्या मुलाच्या वर्गातल्या आया डोशाचं पीठ आंबत का नाही ते विचारतात. पण मधली काही वर्षं अशी गेली की या शहरात भारतीय दिसला की लोक त्याला पदार्थविज्ञान विचारायचे. या छळाला एकच माणूस जबाबदार होता आणि आमच्या घरात त्याच्यावर सगळ्यांचं जिवापाड प्रेम होतं. रंगा योगेश्वर.

महाराष्ट्रात हे नाव फार कुणाला ठाऊक नसेल. इथे, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात, ते पोराटोरांना पाठ होतं. जन्म १९५९, लक्झेंबर्ग. वडील भारतीय इंजिनिअर, आई लक्झेंबर्गची कलावंत. लहानपणाची पहिली वर्षं भारतात गेली. मग आखेनला पदार्थविज्ञान, पुढे स्वित्झर्लंडमध्ये आणि यूलिशच्या संशोधन केंद्रात काम. एवढं शिकलेला माणूस आपल्याकडे एक तर प्रोफेसर होतो किंवा अमेरिकेला जातो. हा १९८७ साली कोलोनच्या टीव्हीत गेला. वेस्टडॉइचर रुंडफुंक, बोलीत वेडेएर, हे आमच्या राज्याचं सरकारी नसलेलं पण सरकारीसारखं वाटणारं केंद्र. १९९३ मध्ये तिथे ‘क्वार्क्स अँड को’ सुरू झालं. मंगळवारी रात्री नऊ वाजता, पाऊण तास, एकच विषय, आणि रंगा.

तो विज्ञानाचा वार्ताहर होता. बाकीचे वार्ताहर जळलेल्या गोदामासमोर उभे राहून गोदाम जळल्याचं सांगायचे. हा कशासमोर तरी उभा राहायचा आणि ते तसं का आहे हे सांगायचा. मिशी, कुरळे केस, सतत हलणारे हात आणि बोलण्याचा वेग असा की आधी स्वतःलाच मजा वाटतेय आणि आपण नुसते मागोमाग पळतोय. त्या काळी जर्मन टीव्हीवर आपल्या रंगाचा चेहरा दिसला तर तो पुराच्या बातमीत दिसे, नाहीतर रेल्वेच्या टपावर बसलेला. स्टुडिओत उभा राहून जर्मनांना त्यांच्याच भाषेत ‘ऐका, समजावून सांगतो’ म्हणणारा भारतीय नावाचा माणूस आमच्या घरानं प्रथमच पाहिला. बाबा पहिल्या दिवशी खुर्चीतून उठून टीव्हीच्या जवळ गेले. नाव नीट वाचायला, असं ते म्हणाले.

जर्मन मुलं रात्री आठला झोपतात. म्हणजे झोपतातच, त्यात लाड, वाटाघाटी, शेवटचं पाणी वगैरे काही नसतं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं मंगळवारी रात्रीचा रंगा जागेपणी पाहिला नव्हता. त्यांचं विज्ञान रविवारी सकाळचं. १९७१ पासून चालू असलेल्या नारिंगी उंदराच्या कार्यक्रमात आर्मिन मायवाल्ड नावाचे सद्गृहस्थ छोट्या छोट्या वाक्यांत, अजिबात घाई न करता, वस्तू कशा बनतात ते दाखवत. तो उंदीर आम्हीही पाहायचो, पण रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे, दाढी आणि भारतात फोन एवढं सगळं एकाच वेळी चालू असल्यामुळे उंदराला न्याय मिळत नसे. मंगळवारी मात्र आमचं जेवणच नऊला व्हायचं. मुलीला इतक्या उशिरा जागवता का, असं बाईंनी पालकसभेत विचारलं तेव्हा बाबा ताठ मानेनं म्हणाले, ‘शिकवणी असते.’

आजी १९९५ साली तीन महिन्यांच्या व्हिसावर वाईहून आली तेव्हा हा कार्यक्रम स्वयंपाकाचा आहे अशी तिची समजूत झाली. त्यात तिची चूक नव्हती. इथे दुकानात क्वार्क मिळतो. तो आपला चक्का. जर्मनीतली झाडून सगळी मराठी घरं त्याचं श्रीखंड करतात, आणि पाडव्याच्या आधी आईनं फ्रिजवर ‘क्वार्क आणणे’ अशी चिठ्ठी लावलेलीच असायची. तेव्हा टीव्हीवर मोठ्या अक्षरांत तेच नाव आणि समोर आपल्यासारखा दिसणारा गृहस्थ, म्हटल्यावर आजी वही-पेन्सिल घेऊन बसली. पाऊण तास ती थांबली. शेवटी म्हणाली, ‘मुलगा गोड आहे, पण साखर कधी घालायची ते सांगितलंच नाही.’ तरी पुढच्या मंगळवारी ती होतीच. जर्मनचा एक शब्द येत नसताना तिनं रंगाचं जे परीक्षण केलं ते मी पुढे कुठल्याही वर्तमानपत्रात वाचलं नाही: हा माणूस समोरच्याला येत नाही म्हणून हसत नाही, येईल म्हणून हसतो.

आता छळाकडे वळू. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहायच्या. रंगाच्या आधी त्या जिन्यात बाबांना भेटल्या की दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, छातीपर्यंत वाकायच्या. बाबांना वाटायचं यांना दम लागतो. १९९३ नंतर वाकणं बंद झालं आणि प्रश्न सुरू झाले. बर्फ निसरडा का असतो? केक मध्येच का बसतो? टोस्ट नेहमी लोण्याच्याच बाजूवर का पडतो? बाबा विमा कंपनीत हिशेब खात्यात होते. कोलोन हे विमा कंपन्यांचं शहर आहे आणि तिथल्या हिशेब खात्यात गेली शंभर वर्षं कुणी बर्फाबद्दल काही विचारलेलं नाही. पण बाबांना ‘माहीत नाही’ म्हणता येईना. कारण प्रश्न त्यांना नव्हताच. तो रंगाच्या माणसाला होता, आणि रंगाच्या माणसानं माहीत नाही म्हटलं तर मंगळवारी टीव्हीवर रंगाच्या तोंडाकडे कसं बघायचं?

म्हणून बाबा ‘उद्या सांगतो, जरा सविस्तर आहे’ असं म्हणून घरात यायचे आणि दार लावून घ्यायचे. बर्फाचं उत्तर त्यांनी शाळेतल्या आठवणीवर दिलं: दाबानं बर्फ वितळतो, पाणी होतं, पाय घसरतो. बाई खूश झाल्या. दोन आठवड्यांनी बाबांना कुठेतरी वाचायला मिळालं की माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरत नाही. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू सैल असतात, म्हणून तो निसरडा. झालं. बाबा रात्री साडेनऊला बाईंची बेल वाजवायला निघाले. जर्मनीत रात्री दहानंतर नळ सोडतानासुद्धा लोक विचार करतात आणि हे रेणू घेऊन चालले होते. आईनं त्यांना जिन्यातून परत आणलं.

टोस्टचा प्रश्न अधिक खर्चिक ठरला. एका शनिवारी बाबांनी डायनिंग टेबलाच्या कडेवरून लोणी लावलेले तुकडे एकेक करून ढकलले. मी खाली बसून निकाल लिहीत होते. टेबलाची उंचीच अशी असते की घसरलेला तुकडा जमिनीवर पोचेपर्यंत जेमतेम अर्धी गिरकी घेतो, म्हणून वरचं लोणी खाली येतं. टेबल पुष्कळ उंच केलं तर टोस्ट वाचेल. बाबांनी खरंच खुर्चीवर चढून एक तुकडा वरून सोडला. तो लोणी वर ठेवून पडला तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी त्यांच्या बढतीलाही पाहिला नव्हता. जमीन कुणी पुसली ते सांगायची गरज नाही.

आईला हे सगळं फालतू वाटायचं, पुस्तिका मिळतात हे कळेपर्यंत. प्रत्येक भागाची वेडेएर एक छापील पुस्तिका काढायचं. आपण आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट पाठवायचं आणि ती घरी यायची. वर पैसे नाहीत. फुकट मिळणाऱ्या छापील मजकुराला पुणे विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र केलेली बाई नाही म्हणू शकत नाही. हळूहळू हॉलमधल्या कपाटाचा एक अख्खा कप्पा क्वार्क्सचा झाला आणि आईनं त्याला कोलन पद्धतीनं वर्गीकरण लावलं. ते लावताना तिला अर्थातच कल्पना नव्हती की ती घरच्या माणसाचं सामान घरच्याच पद्धतीनं लावते आहे.

कारण रंगा मूळचा कुठला, हा प्रश्न अजून सुटायचा होता. ऱ्हाइनकाठच्या मराठी मंडळींत त्यावर उघड तट होते. गणपती भाड्यानं घेतलेल्या चर्चच्या सभागृहात बसायचा. आरती झाली, मोदक वाटले गेले, की चर्चा रंगावर यायची. एका काकांचं म्हणणं, नाव रंगा, आडनाव योगेश्वर, मिशी ही अशी, आणखी काय पुरावा पाहिजे? पुण्यात त्यांच्या वाड्यात योगेश्वर आडनावाचं बिऱ्हाड होतंच मुळी. दुसरे म्हणायचे, असला मनमोकळा माणूस कोल्हापूरकडचाच. एक काकू त्याला सारस्वत ठरवून मोकळ्या झाल्या होत्या, रंगाला मासे आवडतात की नाही याची कसलीही चौकशी न करता.

मग कुणीतरी एक मुलाखत वाचून आलं आणि सगळा वाद एका वाक्यात मिटला. रंगा हा एस. आर. रंगनाथन यांचा नातू. नाव आजोबांवरून ठेवलेलं.

सभागृहात ‘म्हणजे तमिळ’ असा एक सुस्कारा निघाला. आई मात्र हातातली द्रोणांची चवड तशीच धरून उभी राहिली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन, १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणारे रंगनाथन, १९३३ ची कोलन वर्गीकरण पद्धत ज्यांची ते रंगनाथन, ज्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात ते रंगनाथन. आईनं या माणसावर दोन पेपर लिहिले होते. तिच्या दृष्टीनं ही बातमी म्हणजे गल्लीत दूध पोचवायला येणारा पोरगा पाणिनीचा नातू निघाल्यासारखी होती. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला तीन नावं पडली. बाबांचे ते योगेश्वर साहेब, आजीचा रंगा, आणि आईचा रंगनाथनांचा नातू. हे तिसरं नाव ती अशा सुरात घ्यायची की कार्यक्रमाचं श्रेय टीव्हीला जाऊ नये. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे. रंगाचं वाक्य आखूड, तात्पर्य लगेच, म्हणजे घराण्याचं वळण. बाबांना उद्देशून चौथं सूत्र त्यानंतर रोजच वापरात आलं.

आदर्श माणूस टीव्हीपुरता असेल तर ठीक असतो. घरात आला की मुलांचं मरण. गणितात तीन मिळाले (इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास, हे भारतात सांगताना फार उपयोगी पडतं) की ‘रंगा बघ.’ जर्मन व्याकरण चुकलं की ‘रंगा बघ, त्याची आई तरी कुठे जर्मन आहे.’ खोली आवरली नाही तरी ‘रंगा बघ’, जणू त्याची खोली कुणी पाहिली होती. ओळखीतल्या प्रत्येक भारतीय घरात हेच चालायचं, पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळीकडे. राष्ट्रीय एकात्मतेसाठी भारत सरकारनं काढलेल्या कुठल्याही योजनेपेक्षा जास्त काम या दोन शब्दांनी केलं असावं.

माझी बाजू अशी की मी त्याचा राग केला नाही. उलट एका कार्निव्हलला मी रंगा झाले. कोलोनचा कार्निव्हल म्हणजे शहरानं अधिकृतपणे डोकं बाजूला ठेवायचे दिवस. मुली राजकन्या, मांजर आणि मधमाशी होतात. मी बाबांचा कोट घातला, काळी मिशी चिकटवली आणि हातात एक वाटी घेतली, काहीतरी समजावून सांगत असल्यासारखी. मिरवणुकीत लोक चित्ररथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. त्यांतल्या एकानं मला पाहून ‘मारिओ!’ अशी आरोळी ठोकली आणि मूठभर जास्त टाकल्या. शाळेत कुणी चार्ली चॅप्लिन म्हणालं, कुणी इन्स्पेक्टर. दिवसभरात मला बरोबर ओळखलं ते आमच्या वरच्या बाईंनी. जिन्यात थांबून त्यांनी लगेच विचारलं की चंद्र क्षितिजावर असताना मोठा का दिसतो.

वेडेएरच्या राज्यात हे सुखानं चाललेलं असताना २००० साल उजाडलं. सरकारला कंप्युटरवाले कमी पडत होते. त्यासाठी बाहेरून वीस हजारांपर्यंत तज्ज्ञ आणायची ग्रीन कार्ड योजना चान्सलर श्रोडर यांनी जाहीर केली. आमच्या राज्यात त्याच वसंतात निवडणूक होती. ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे उमेदवार युर्गन रुटगर्स म्हणाले की कंप्युटरपुढे भारतीय बसवण्यापेक्षा आपली मुलं बसवा. जर्मनमध्ये मुलं आणि भारतीय या शब्दांचं यमक जुळतं, त्यामुळे वाक्याची घोषणा व्हायला वेळ लागला नाही: किंडर श्टाट इंडर. रुटगर्स १९९८ पर्यंत देशाचे शिक्षण, विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान मंत्री होते, म्हणजे राज्यात मुलं कंप्युटरपुढे नसतील तर ती का नाहीत हे विचारायला सगळ्यांत सोयीचा माणूस तेच.

आम्हा भारतीय मुलांची पंचाईत वेगळीच होती. मी तेव्हा पंधरा वर्षांची. मी किंडरमध्येही होते आणि इंडरमध्येही. मला कोणाच्या ऐवजी कोण बसवणार ते समजेना. बाबा संतापले नाहीत. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘आज मंगळवार ना?’ आणि त्या रात्री नऊला, घोषणेनं तापलेल्या त्याच राज्यात, घरोघर टीव्ही लागले आणि एक भारतीय नावाचा माणूस जर्मनांना आणि त्यांच्या मुलांना पाऊण तास विज्ञान शिकवून गेला. भारताबद्दल तो एक शब्द बोलला नाही. खरं तर एरवीही त्याला भारताबद्दल बोलताना मी क्वचितच ऐकलं. कढीपत्ता, ताजमहाल, अध्यात्म यांपैकी कशाचंही दुकान त्यानं मांडलं नाही, आणि माझ्या मते हीच त्याची आमच्यावरची सगळ्यांत मोठी मेहेरबानी. १४ मेच्या निवडणुकीत रुटगर्स हरले. त्यात रंगाचा हात होता असं बाबा सांगत, पण बाबा त्या वर्षी मोसमी पावसातही रंगाचा हात बघत होते.

(रुटगर्स पुढे २००५ साली मुख्यमंत्री झाले. लोक विसरतात. आई विसरली नाही; तिनं त्यांचं वर्गीकरण केलेलं होतं.)

ग्रीन कार्डानं एक मात्र झालं: पदार्थविज्ञानाचे प्रश्न थांबले. जिन्यातल्या बाईंचा प्रिंटर बिघडला आणि त्या बाबांकडे आल्या. बाबांना प्रिंटर येत नव्हता, पण मी बघितलं, त्यांना खरं दुःख टोस्ट गेल्याचं झालं.

रंगा पुढे मोठा होत गेला, म्हणजे देशाचा झाला. २००८ पासून देशभरच्या वाहिनीवर रात्री आठच्या बातम्यांच्या आधी दोन-अडीच मिनिटांचा ‘व्हिसन फोर आख्ट’ करू लागला. आईचं मत, आता चौथं सूत्र पूर्णत्वाला गेलं. त्याची पुस्तकं आली, धडाधड खपली. २००९ च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच बायकांचे पाय थंड का असतात हा प्रश्न होता. थंडीत शरीर आधी पोटातल्या अवयवांची काळजी घेतं, हातापायांचं रक्त आवरून धरतं. स्नायू कमी असले की हे जास्त जाणवतं. बाबांनी हे आईला वाचून दाखवलं. पंचवीस वर्षं ‘उगाच कौतुक’ म्हणून टाळलेले लोकरीचे मोजे त्याच संध्याकाळी घरात आले. टीव्हीच्या फीबद्दल इथे प्रत्येक जण कुरकुरतो. आता ती घरटी महिना १८ युरो ३६ सेंट आहे आणि टीव्ही नसला तरी भरावी लागते. बाबांनी कधी चकार शब्द काढला नाही. मोज्यांची किंमत त्यातून वजा करा, म्हणायचे.

२०१८ च्या नोव्हेंबरात, पंचवीस वर्षं पुरी करून, रंगानं ‘क्वार्क्स’ सोडलं. आजी तोवर गेली होती. बाबांनी शेवटचा भाग कोट घालून पाहिला. कप्प्यातल्या पुस्तिका आईनं कुणाला दिल्या नाहीत. मागितल्या तर वाचायला देते, रजिस्टरमध्ये सही घेऊन.

त्याच्यानंतर कार्यक्रम दोघांकडे राहिला. एक राल्फ कास्पर्स, रविवारच्या उंदराच्या कार्यक्रमातले, ज्यांचा जन्म बोर्निओचा. दुसरी माइ थि न्गुयेन-किम, व्हिएतनामी आईवडिलांची मुलगी, रसायनशास्त्रातली डॉक्टर. आता इथे भारतीय नागरिकच दोन लाखांहून जास्त आहेत, टीव्हीवर कोण दिसलं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पण आमच्या घरात नेमणुकीची छाननी झालीच. मी फोनवर नावं सांगितली. आईनं माइ थिचं स्पेलिंग लिहून घेतलं आणि विचारलं, ‘हिचे आजोबा कोण?’

आजोबांचं काही माहीत नाही, वडील केमिस्ट आहेत, असं मी सांगितलं.

आईनं थोडा विचार केला. म्हणाली, ‘चालेल.’